वाढत्या अंगाचा बोर्ड: नाशिकच्या मुलामुलींसाठी पहिला सर्फबोर्ड निवडताना

शाळेचा गणवेश आपण सगळेच वाढत्या अंगाचा घेतो. बाह्या दुमडायच्या, खालून चार बोटं आत टीप मारायची, की दोन वर्षांची निश्चिंती. मेन रोडवरच्या गणवेशाच्या दुकानात दर जूनला मी हेच करत आले. लेकीचा पहिला सर्फबोर्ड घेताना मात्र कुठून अवदसा आठवली कोण जाणे, मी बरोबर उलटं केलं आणि तिच्या हौसेच्या मापाचा बोर्ड घेतला. पाच फूट आठ इंच लांब, निमुळता, पांढराशुभ्र, ऑलिंपिकमधल्या सर्फरच्या काखेत दिसतो तसाच. ती तेव्हा साडेबारा वर्षांची, वजन ३८ किलो, आणि तोवर एकूण चार दिवस सर्फिंग शिकलेली.

दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस ती त्या बोर्डावर एकदाही उभी राहू शकली नाही. पाचव्या दिवशी तिने शिकवणाऱ्या दादाकडचं एक जुनाट निळं फोमचं धूड उचललं, तिसऱ्या लाटेला उभी राहिली, गुडघाभर पाण्यापर्यंत आली आणि माझ्याकडे न बघताच पुन्हा आत गेली. मी वाळूत त्या पांढऱ्या बोर्डाशेजारी बसून होते. तिथे बसल्या बसल्या आणि नंतरच्या दीड वर्षात जे कळलं, ते इथे क्रमाने लिहिते. समुद्रकाठच्या माणसाला यातलं निम्मं लागणार नाही. आपल्याला लागतं, कारण आपला समुद्र एका रात्रीच्या प्रवासापलीकडे आहे.

आधी पोहणं आणि मोसम

बोर्डाचा विषय काढण्याआधी मूल न थांबता २०० मीटर पोहतं का, पाण्यावर निवांत उताणं पडून राहतं का आणि डोकं पाण्याखाली गेल्यावर घाबरून हातपाय झाडतं का, हे बघा. त्र्यंबक रोडच्या सावरकर तरणतलावात किंवा तुमच्या भागातल्या कुठल्याही तलावात एक उन्हाळा गेला की हे जमतं. बोर्ड पायाला बांधलेला असतो म्हणून पोहणं कच्चं असलं तरी चालेल, असा हिशोब कोणी सांगितला तर त्याच्याकडे शिकायला पाठवू नका. पायाची दोरी तुटते, आणि तुटते ती मोठ्या लाटेतच. (चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंगमध्ये उतरला होता. तेव्हा आपल्याकडे पाणी कुठंय, ही सबब निदान नाशिक जिल्ह्याने सांगू नये.)

जायचं कुठे? नकाशावर आपल्याला जवळचा दिसतो तो डहाणू-बोर्डीचा किनारा. पण तिथे ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की बोर्डापेक्षा चपलाच जास्त उपयोगी पडतात. आम्ही शिकलो ते मंगळुरूजवळच्या मुल्कीला, जिथे शांभवी नदी समुद्राला मिळते. मंगला एक्सप्रेस नाशिक रोडहून थेट कोकण रेल्वेने मडगाव, उडुपी, मंगळुरू जंक्शन अशी जाते, त्यामुळे गाडी बदलावी लागत नाही. उत्तर गोव्यात आरंबोळ, अश्वे या बाजूलाही शिकवणारे आहेत. पश्चिम किनाऱ्यावर नवशिक्यासाठी ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंतचा काळ धरा. राष्ट्रीय स्पर्धा मंगळुरूच्या आसपास मेअखेर किंवा जूनच्या तोंडाला भरतात त्या लाटा मोठ्या असतात म्हणून, आणि त्या लाटा आपल्या मुलांसाठी नाहीत. १ जूनपासून यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद होते. कोळी ज्या पाण्यात जात नाहीत त्यात आपण तेरा वर्षांचं पोर घालायचं नाही, हा माझा साधा नियम.

पाण्यातले दिवस मोजा

हे करायला वही लागते आणि थोडं मन घट्ट करावं लागतं. वर्षात मूल खरोखर किती दिवस लाटेवर असणार? आमचे निघाले बारा: दिवाळीत पाच, नाताळात तीन, एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर चार. दहावीचं वर्ष आलं की ते चारवर येतील. समजा बोर्ड तीस हजारांना आहे आणि भाड्याने दिवसाला पाचशेला मिळतो. म्हणजे साठ दिवसांनी पैसे वसूल, आणि बारा दिवसांच्या हिशोबाने त्याला पाच वर्षं लागतात. तोवर मूल अठराचं होतं आणि हा बोर्ड त्याला केव्हाच लहान झालेला असतो. आकडे तुम्ही तुमचे घाला, निकाल फारसा बदलणार नाही. वर्षाला वीस दिवसांच्या आत असाल तर पहिली दोन वर्षं भाड्याचा बोर्डच शहाणपणाचा. घ्यायचाच असेल तर जुना घ्या.

मग कोणी घ्यावाच का? घ्यावा, पण एका कारणासाठी. दर वेळी वेगळा बोर्ड मिळाला की मुलाचा पाय कुठे पडतो ते पक्कं होत नाही. सायकल दर आठवड्याला बदलली तर तोल जसा नव्याने शोधावा लागतो, तसंच हे. दहा-बारा दिवस भाड्यावर काढून झाले, मूल फेसाळत्या लाटेवर दहातून सहा-सात वेळा उभं राहायला लागलं, आणि परतीच्या गाडीत पुढच्या सुट्टीचं विचारायला लागलं, की वेळ आली असं समजा.

त्या दहा-बारा दिवसांत एक काम कराच. रोज कुठला बोर्ड मिळाला, त्याची लांबी, रुंदी, जाडी आणि काय झालं ते दोन ओळींत लिहून ठेवा. माझ्या वहीत आहे: "आठ फुटी पिवळा. पहिल्याच लाटेला उभी. पण पाण्यापर्यंत दोघींनी नेला, वाऱ्यात फिरला, माझ्या कानाला लागला." आणि दोन दिवसांनी: "सात फुटी निळा. दुसऱ्या-तिसऱ्या लाटेला उभी. एकटीने नेला." बोर्ड निवडताना दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा या चार ओळी मला जास्त उपयोगी पडल्या.

लांबी नाही, लिटर

सगळे विचारतात बोर्ड किती फुटी. खरा प्रश्न असतो तो किती लिटरचा. लिटर म्हणजे बोर्ड पूर्ण बुडाला तर किती पाणी बाजूला सारेल ते. एक लिटर पाणी साधारण एक किलोचं, म्हणून गणित सोपं आहे. ५४ लिटरचा आणि पाच किलो वजनाचा बोर्ड साधारण ४९ किलो वर उचलून धरतो. ४२ किलोचं मूल त्यावर आडवं झालं तरी बोर्ड पाण्यावर राहतो, हात मारले की घसरत पुढे जातो, आणि लाट मागून आली की तिच्या हाती लागतो. आमचा पांढरा देखणा बोर्ड होता २६ लिटरचा. त्याचं तीन किलो वजन वजा केलं तर तो उचलणार २३ किलो, आणि लेक ३८ किलोची. उरलेला भार पाण्याने तिचं अर्धं अंग बुडवून घेतला. छातीपर्यंत बुडालेली मुलगी कितीही वल्हवली तरी लाट तिच्याखालून निघून जाते. चार दिवस नेमकं तेच होत होतं, आणि मी काठावरून ओरडत होते, "अगं, जोरात हात मार!"

ऑलिंपिकमध्ये उतरणाऱ्यांचे बोर्ड साधारण २५ ते ३० लिटरचेच असतात. सर्फिंग टोकियोपासून, म्हणजे २०२१ पासून ऑलिंपिकमध्ये आलं आणि मुलांनी फोनवर बघितलेले बोर्ड ते हेच. त्या सर्फरना लाटेचाच वेग मिळतो, तरंगण्याच्या आधाराची त्यांना फारशी गरज नसते. आपल्या मुलांना असते.

नवशिक्या मुलासाठी वजनाच्या सव्वा ते दीडपट लिटर धरा. ३८ किलोला साधारण ४८ ते ५७, ४२ ला ५३ ते ६३, ५० ला ६३ ते ७५. आता यात वाढ मिसळा. ४२ किलोच्या मुलीला ५४ लिटरचा घेतला तर आज तो तिच्या वजनाच्या जवळपास १.३ पट भरतो. पुढे ती ५४ किलोची होईल तेव्हा बरोबर एकास एक होईल. पण तोवर ती नवशिकी राहिलेली नसेल, आणि एकास एक बोर्ड तिला जमलेला असेल. अंग वाढतं तसा बोर्ड तुलनेने लहान होत जातो आणि मूल तेवढंच तयार होत जातं. गणवेशाची दुमडलेली बाही जशी सोडत जातो तसंच, फक्त इथे शिंपी लागत नाही.

फोमच्या बऱ्याच बोर्डांवर लिटर छापलेले नसतात. मग स्वतः मोजा. लांबी, मधोमध रुंदी आणि मधोमध जाडी सेंटीमीटरमध्ये घ्या (जाडीसाठी वर-खाली दोन पट्ट्या आडव्या धरून त्यांच्यातलं अंतर मोजा). तिन्हींचा गुणाकार करा, हजाराने भागा आणि ०.६ ने गुणा. सात फुटी, २२ इंच रुंद, तीन इंच जाड बोर्ड म्हणजे २१३ × ५६ × ७.६, भागिले १०००, येतात ९०.७. गुणिले ०.६, म्हणजे ५४ लिटर. ठोकळ्यासारखा बोजड बोर्ड असेल तर थोडे लिटर जास्त, टोकाकडे निमुळता असेल तर कमी. आपल्या कामापुरतं एवढं पुरतं.

मुलगा आणि मुलगी यांत एक फरक लक्षात घ्या. मुलींची झपाट्याची वाढ साधारण ११ ते १३ या वयात होते, मुलांची १३ ते १५ मध्ये. म्हणून ४५ किलोची चौदा वर्षांची मुलगी आणि ४५ किलोचा तेरा वर्षांचा मुलगा यांना एकच बोर्ड देऊ नका. तिची उंची बरीचशी झालेली आहे, त्याची आत्ता सुरू होतेय. त्याला पाच-सात लिटर वर जा.

काखेत बसतो का?

लिटर वाढवायचे तर मग नऊ फुटीच का नको? कारण तो मुलाच्या काखेत मावत नाही. ही अडचण फक्त वाळूवरची नाही. ज्या बोर्डाची कड मुलाच्या बोटांत येत नाही तो फेसाच्या लाटेत हातातून सुटतो, आणि सुटलेला आठ-नऊ फुटी बोर्ड मागच्या मुलाच्या तोंडावर जातो. शिवाय रुंद बोर्डावर पालथं पडलं की लहान हात पाण्यापर्यंत पोचतात ते कोपरापर्यंतच, वल्हवायला खांदे फाकवावे लागतात आणि दंडाची आतली बाजू सोलवटून निघते.

हे नाशिकमध्ये घरबसल्या तपासता येतं. फ्रिजचं किंवा वॉशिंग मशीनचं खोकं कापून ५६ सेंटीमीटर रुंदीचा आणि साडेसात सेंटीमीटर जाडीचा तुकडा बनवा. लांबी कितीही चालेल. तो मुलाला काखेत उभा धरायला लावा, ५६ सेंटीमीटरची बाजू वरून खाली येईल असा, आणि बोटांची टोकं खालच्या कडेखाली वळतात का ते बघा. वळली तर २२ इंची बोर्ड घ्यायला हरकत नाही. दोन बोटं कमी पडली तरी मी घ्या म्हणेन, कारण या वयात हात-पाय आधी लांब होतात आणि धड मागून भरतं. सहा महिन्यांत बोटं कडेला टेकतील. चार बोटं कमी पडत असतील तर मात्र २१ इंचांकडे वळा आणि लिटर जाडीतून मिळवा.

आमच्या तुकड्यावर आठवडाभर घरातल्या सगळ्यांनी प्रयोग केले. सासऱ्यांनीही काखेत धरून बघितला आणि म्हणाले, "सूनबाई, यापेक्षा तिला बॅडमिंटन शिकव की!" खोकं शेवटी भंगारवाल्याला गेलं.

या दोन कसोट्यांमधून बहुतेक १२ ते १५ वर्षांच्या मुलांचं उत्तर सात ते साडेसात फूट, २१ ते २२ इंच रुंद, तीन इंच किंवा किंचित जास्त जाड असं येतं. वजन ५५ किलोच्या पुढे असलेल्या दणकट मुलाला आठ फुटी.

मऊ की कडक

मऊ. यावर मी फार चर्चा करणार नाही. मऊ बोर्ड, ज्याला सगळे सॉफ्टटॉप किंवा फोमी म्हणतात, त्याच्या आत थर्माकोलचा गाभा, ताठपणासाठी मधून एक-दोन लाकडी पट्ट्या, वर मऊ फोमचं आवरण आणि खाली गुळगुळीत प्लॅस्टिकचा थर असतो. डोक्याला लागला तर टेंगूळ येतं. कडक बोर्ड लागला तर टाके पडतात. पहिल्या वर्षात मुलाला स्वतःचाच बोर्ड किती वेळा लागतो हे मोजलंत तर कडक बोर्डाचं नाव काढणार नाही.

कडक बोर्ड दोन जातीचे असतात हे मात्र माहीत असू द्या, नाहीतर माझ्यासारखी फजिती होईल. एकाच्या आत पीयू (पॉलियुरेथेन) फोम आणि वर पॉलिस्टर रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट द्रव. दुसऱ्याच्या आत थर्माकोल आणि वर इपॉक्सी रेझिन. बाहेरून दोन्ही सारखेच चकचकीत दिसतात. आमच्या पांढऱ्या बोर्डाला परतीच्या प्रवासात कडेला लिंबाएवढं भोक पडलं होतं. नाशिक म्हणजे कारखान्यांचं गाव, फायबरचं काम करणारे शोधायला लांब जावं लागत नाही. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. तिथल्या काकांनी कडा घासून साफ केल्या, डब्यात रेझिन आणि हार्डनर ढवळलं आणि कापडाच्या तुकड्यासकट भोकात बसवलं. अर्ध्या मिनिटात आतून फसफस आवाज आला. पांढरे मणी गरम पाण्यात गूळ विरघळावा तसे आत आत बसत गेले, कापड खाली ओढलं गेलं आणि लिंबाच्या जागी वाटी झाली. काकांनी ब्रश उचलून माझ्याकडे बघितलं. "ताई, आत थर्माकोल आहे हे आधी बोलायचं ना!" चूक त्यांची नव्हतीच. पॉलिस्टर रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोल खातं, त्याला इपॉक्सीच लागतं, आणि आत काय आहे ते मलाच ठाऊक नव्हतं. माहीत नसलेल्या बोर्डावर आधी इपॉक्सीच वापरा, ते दोन्हींवर चालतं. थर्माकोलच्या बोर्डाला भोक पडलं की ते पाणी पितं, म्हणून त्याच दिवशी पुसून, वाळवून, चिकटपट्टी लावून बंद करायचं. ॲसिटोन, थिनर किंवा पेट्रोलचा बोळा त्याच्या जवळही नेऊ नका.

जुना बोर्ड बघताना

हंगाम संपताना, एप्रिल-मेमध्ये, सर्फिंग शिकवणारे आपले भाड्याचे बोर्ड बदलतात आणि जुने विकायला काढतात. आम्ही निळा बोर्ड असाच घेतला. परदेशातून मागवण्याच्या फंदात पडू नका. हलका पण अवाढव्य माल असल्याने वाहतूक आकारमानावर मोजतात, वर सीमाशुल्क, आणि फोटोत सगळेच बोर्ड नवे दिसतात.

जुना बोर्ड हातात आल्यावर आधी वाजवून बघा. माठ घेताना बोटाच्या पेराने टकटक करतो तसं, टोकापासून शेपटीपर्यंत, दोन्ही बाजूंनी. आवाज एकसारखा असेल तर ठीक. मध्येच भदभद झाला तर तिथलं आवरण गाभ्यापासून सुटलेलं आहे. मग अंगठ्याने दाबा, विशेषतः जिथे मागचा पाय पडतो तिथे. थोडा खळगा पडून परत आला तर चालेल, अंगठा रुतून राहिला तर सोडून द्या. बोर्ड डोळ्यासमोर आडवा धरून लांबीच्या दिशेने बघा: मधोमध आडवी सुरकुती असेल तर आतली लाकडी पट्टी मोडलेली असण्याचीच शक्यता जास्त, आणि ते दुरुस्त करण्यात अर्थ नाही. मग उभा करून हलवा. आत पाणी खुळखुळलं किंवा शेपटीतून गळायला लागलं तर विषय संपला.

प्रवासाच्या बॅगा मोजायचा लटकता काटा बरोबर न्या. सात फुटी फोमी चार ते पाच किलोच्या आसपास भरायला हवा. सात किलो भरला तर वरचे दोन किलो तुम्ही समुद्राच्या पाण्याचे पैसे देताय.

फिनचे, म्हणजे बोर्डाच्या तळाला शेपटीकडे बसवलेल्या पात्यांचे, स्क्रू गंजून बसले असतील तर भावात घासाघीस करायला चांगलं निमित्त मिळतं. फिन ज्या खाचेत बसतात ती हलत असेल तर मात्र निमित्त शोधत बसू नका, बोर्ड परत ठेवा. रंग उडणं, फोमवर नखाच्या खुणा, कोणीतरी पेनने काढलेलं बदाम, याकडे दुर्लक्ष करा. आमच्या बोर्डावर "सचिन" असं कोरलेलं आहे. लेकीला त्याची अजून लाज वाटते.

फिन, लीश, वॅक्स आणि अंगातला कपडा

फिन तीन असावेत आणि लवचीक प्लॅस्टिकचे. तीन फिनची मांडणी ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने १९८१ मध्ये गाजवली आणि तेव्हापासून तीच सगळीकडे रुळली. नवशिक्यासाठी त्याहून जास्त डोकं लावायचं कारण नाही. जादा स्क्रू आणि चावी जवळ असू द्या.

लीश, म्हणजे पायाला बांधायची दोरी, बोर्डाइतकीच लांब हवी. आखूड असली की बोर्ड उसळून अंगावर येतो. जुन्या बोर्डाबरोबर आलेली लीश वापरू नका, नवी घ्या. एवढ्या सगळ्या खर्चात कंजुषी करायची ही जागा नाही. ती मागच्या पायाच्या घोट्याला बांधतात. मागचा पाय कुठला ते कळायला मुलाला मोजे घालून गुळगुळीत फरशीवर पळत येऊन घसरायला सांगा. जो पाय आपोआप पुढे येतो तो पुढचा. तीन वेळा करून बघा, कारण पहिल्यांदा मुलं विचार करून घसरतात.

वॅक्स, म्हणजे पाय घसरू नयेत म्हणून बोर्डावर घासायचं मेण, गरम पाण्याचं घ्या, वेष्टनावर ट्रॉपिकल असं लिहिलेलं असतं. थंड पाण्याचं वॅक्स आपल्याकडे लोण्यासारखं पाघळतं. मऊ बोर्डाला थोडंच लागतं, पाय पडतात तेवढ्या पट्ट्यात.

आणि लांब बाह्यांचा घट्ट लायक्राचा टीशर्ट. मऊ फोमवर दोन तास पालथं पडून मीठ आणि वाळू घासली की पोट आणि छाती लाल होते. पहिल्या संध्याकाळी मूल जेवताना टेबलापासून लांब का बसलंय ते कळत नाही, रात्री आंघोळीला ओरडलं की कळतं.

नाशिकला आणायचा का?

निळा बोर्ड मी एकदा आणला. मे महिन्यात गाडीच्या टपावर बांधून, तेही इतक्या लांबून. तुम्हालाही आणायचाच असेल तर बोर्ड पालथा ठेवा, म्हणजे पाय ठेवायची बाजू खाली, फिन वर आणि गाडीच्या पुढच्या बाजूला. पट्टा सैल पडून बोर्ड मागे सरकला तरी फिन पट्ट्यात अडकतात. साधे कापडी पट्टे वापरा आणि प्रत्येकाला एक पीळ द्या, नाहीतर घाटात वाऱ्याने ते भोंग्यासारखे वाजतात. ट्रकवाल्यांचे दात्यांचे पट्टे नकोत, ते इतके आवळतात की फोमची कड चेपते. रेल्वेने आणायचा तर डब्यात नेण्याचा विचार सोडा. पार्सल ऑफिसात लवकर जाऊन ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात, टाका आणि टोकं जुन्या गादीच्या कापसाने बांधा.

इमारतीखाली गाडी थांबली तेव्हा तळमजल्यावरचे काका म्हणाले, "काय वहिनी, नवं दार बसवताय का?" लिफ्टमध्ये तो मावला नाही, जिन्याने नेला. मग पश्चिमेच्या गॅलरीत उभा केला. चाळिशीतला उन्हाळा, दुपारचं ऊन काचेतून थेट त्यावर. आठव्या दिवशी वरच्या आवरणाखाली तळहाताएवढा फुगा आला. थर्माकोलच्या गाभ्याला आणि गोंदाला उष्णता सोसत नाही. बंद गाडीत तर तासाभरातही वाट लागू शकते.

तेव्हापासून बोर्ड किनाऱ्यावरच असतो, शिकवणाऱ्यांच्या शेडमध्ये. बहुतेक जण वर्षाला थोडे पैसे घेऊन ठेवून घेतात. विकत घेतानाच तशी बोलणी करा, म्हणजे भावातही सवलत मिळते. इथे घरी फक्त लीश, वॅक्स आणि लायक्रा असतात, एका खणात. मधल्या महिन्यांत सतरंजीवर उठण्याचा सराव होतो: पालथं पडायचं, तळवे बरगड्यांपाशी, एका झटक्यात दोन्ही पाय खाली. बोर्डाच्या रुंदीची खूण खडूने फरशीवर काढा आणि पाय तिच्या आत पडतात का ते बघा. रोज दहा उठाव पुरेत.

बदलायचा कधी

मुलाने मागितला म्हणून नाही. ते पहिल्याच महिन्यात लहान बोर्ड मागतं. तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर विचार करा: लिटर वजनाइतके किंवा कमी झाले आहेत, मूल फेसाळलेल्या पाण्याच्या पलीकडे जाऊन न फुटलेल्या लाटेवर स्वतः उभं राहतं, आणि डावी-उजवीकडे ठरवून वळतं. यातली एकच गोष्ट झाली असेल तर अजून एक हंगाम थांबा. पुढचा बोर्ड घेतानाही एकदम सहा फुटांवर उडी नको. अर्धा फूट आणि आठ-दहा लिटर एवढंच खाली उतरा.

आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर लेकीच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा आहेत, बालवाडीपासूनच्या. आता मी प्रत्येक खुणेशेजारी वजनही लिहिते. परवाची नोंद १५५ सेंटीमीटर, ४६ किलो. तिने फोन काढून ५४ भागिले ४६ केलं आणि १.१७ दाखवत म्हणाली, "आई, दिवाळीपर्यंत मी पन्नासची होते बघ." आणि तिसरी पोळी वाढून घेतली.